टेस्ट रिपोर्टावरची सही ही साक्ष असते

(युवा कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी घरातल्या वायरिंगबद्दल बोलणार आहे. आपल्या शिबिरांत संविधान, शिक्षण, स्त्रियांचे हक्क, प्रतिनिधित्व या विषयांवर चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. पण कायदा आपल्या घरात रोज कुठे कुठे असतो, हेही कधीतरी पाहिलं पाहिजे. छतावरचा दिवा, त्यामागची तार आणि त्या तारेची जबाबदारी घेणारी एक सही, इथेही कायदा आहे. आणि माझ्या अनुभवाने सांगतो, सर्वात जास्त डोळेझाक इथेच होते.

आपल्या मोहल्ल्यांत घरं वाढतात ती हळूहळू. एका मुलाचं लग्न ठरलं की वर एक खोली चढते. दुसऱ्याचं ठरलं की गॅलरी बंद करून स्वयंपाकघर होतं. भिंती वाढतात, पण वीज खालच्या जुन्या बोर्डावरूनच वर जाते. ओळखीचा वायरमन येतो, जवळच्या पॉइंटमधून दोन तारा ओढतो, दिवा लागतो, चहा होतो आणि काम संपतं. दिवा लागला म्हणजे काम बरोबर झालं, असं आपण धरून चालतो. इथूनच सुरुवात करू.

कायदा काय म्हणतो

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा आणि वीजपुरवठ्याबद्दलचे विनियम २०१० साली आले आणि २०२३ साली ते नव्याने काढले गेले. त्यांतली एक गोष्ट प्रत्येक घराला लागू आहे. बल्ब बदलणं, पंखा बदलणं, फ्यूज किंवा बटण बदलणं, घरातलं एखादं उपकरण बदलणं, हे कोणीही करू शकतं. पण नवी वायरिंग, जुन्या वायरिंगमध्ये भर किंवा फेरफार हे काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारामार्फतच व्हायला हवं. त्यावर देखरेख सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची हवी आणि हात लावणाऱ्या माणसाकडे परवानगीपत्र हवं. म्हणजे तीन माणसं आणि तीन कागद.

नवी जोडणी किंवा वाढीव भार मागताना वीज कंपनी टेस्ट रिपोर्ट मागते. त्यावर परवानाधारक ठेकेदाराची सही असते. त्या सहीचा अर्थ असा, की हे काम नियमाप्रमाणे झालंय, मी ते तपासलंय आणि हे आकडे मोजून लिहिलेत. आपल्यासारख्या बैठ्या किंवा दुमजली घरात विद्युत निरीक्षक सहसा दारी येत नाही. म्हणून त्या घरासाठी ही सही हीच सरकारी तपासणी.

ब्रिटनमधली पद्धत मुद्दाम सांगतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ पासून घरातली वायरिंग इमारतविषयक नियमांच्या कक्षेत आली. तिथे नवं सर्किट टाकलं की प्रमाणपत्र मिळतं. त्यावर आराखडा करणारा, काम करणारा आणि तपासणी करणारा अशा तीन जबाबदाऱ्यांच्या सह्या असतात आणि सोबत प्रत्येक सर्किटच्या मोजमापांचा तक्ता जोडलेला असतो. छोट्या कामात तिन्ही जागी एकच माणूस सही करतो, पण प्रत्येक जबाबदारी वेगळी लिहिलेली असते. आपल्याकडचा कायदा याहून फार वेगळा काही मागत नाही. आपण फक्त तो पाळत नाही.

दिव्यांचं सर्किट म्हणजे नेमकं काय

समजा वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक मोरी आहे. दिवे, पंखे आणि बोर्डावरचे ६ अँपिअरचे छोटे सॉकेट मिळून १४ पॉइंट झाले. भारतीय मानकांतून रुळलेला हिशेब असा आहे, की दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर १० पेक्षा जास्त पॉइंट नकोत आणि एकूण भार ८०० वॉटच्या आत हवा. १४ पॉइंट म्हणजे दोन सर्किटं झाली. प्रत्येकाची फेज वेगळी, न्यूट्रल वेगळी आणि अर्थची हिरवी तार सोबत. डीबीमध्ये प्रत्येकाला आपापली एमसीबी, साधारण ६ किंवा १० अँपिअरची. तार १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, आयएस ६९४ चा शिक्का असलेली. गीझर, एसी, इस्त्री, मिक्सर यांचं सर्किट वेगळं.

कोणी म्हणेल, आता एलईडीचा जमाना आहे, ९ वॉटचा दिवा, एवढा हिशेब कशाला? कारण त्याच बोर्डावरच्या छोट्या सॉकेटात कोणी तरी १,५०० वॉटची किटली लावतं. २३० व्होल्टवर ती साडेसहा अँपिअर ओढते. दिवे-पंख्यांचा भार सोबत असला की ६ अँपिअरची एमसीबी काही वेळाने पडू शकते. घरचे वैतागतात, वायरमनला बोलावतात. तो ६ ची एमसीबी काढतो आणि २० ची बसवतो. एमसीबी पडायची थांबते, सगळे खूश. पण पाइपात १ चौरस मिलिमीटरची तार असेल तर ती २० अँपिअर सतत सहन करू शकत नाही. आधी एमसीबी पडत होती, आता तार तापेल, आणि ती भिंतीच्या आत असल्यामुळे कोणाला दिसणार नाही. एमसीबीचा आकडा तारेच्या जाडीवरून ठरतो. आपल्या सोयीवरून तो ठरवायचा नसतो.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या. एमसीबी तारेला वाचवते, माणसाला वाचवत नाही. ओल्या अंगाने कोणी फेजला शिकलं तर शरीरातून एक अँपिअरच्या एखाद्या हिश्श्याइतकाच प्रवाह जातो. जीव घ्यायला तो पुरेसा असतो, पण ६ अँपिअरच्या एमसीबीला त्याची खबरही लागत नाही. माणसासाठी आरसीसीबी लागते. फेजमधून जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, हे ती सतत पाहत असते. घरासाठीची आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची असते, म्हणजे तेवढ्या फरकाच्या आत ती वीज तोडते.

अर्थिंगचा हिशेब

पुष्कळांना वाटतं, अर्थिंग केलंय, आता चिंता नाही. साधा भागाकार करून पाहू. घराच्या अर्थिंगचा रोध २० ओहम आहे असं धरा. मोटरच्या लोखंडी भागाला फेज चिकटली तर अर्थमधून जाणारा प्रवाह २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. मोटरच्या सर्किटवर १६ ची एमसीबी असेल तर ती पडणारच नाही. मोटरचा लोखंडी भाग जिवंत राहील आणि हात लावणाऱ्याला झटका बसेल. तिथे आरसीसीबी असेल तर साडेअकरा अँपिअर म्हणजे तिच्या मर्यादेच्या कित्येक पट, ती क्षणात तुटेल. म्हणून अर्थिंग आणि आरसीसीबी ही जोडी आहे, एकावाचून दुसरी अपुरी.

काही वायरमन एक घातक युक्ती करतात. अर्थची तार नसेल तर सॉकेटमध्येच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देतात. टेस्टिंगचा बल्ब लावला की तो लागतो, म्हणून ‘अर्थिंग आहे’ असं सांगतात. उद्या मागची न्यूट्रल तुटली तर फ्रिजच्या दारावर २३० व्होल्ट येतील. हे कधीही चालवून घेऊ नका.

तपासणीत काय करतात

टेस्ट रिपोर्टवर सही करण्याआधी निदान पाच गोष्टी झाल्या पाहिजेत.

पहिली, डोळ्यांनी पाहणी. तारेचा रंग, जाडी आणि जोड पाहायचे. लाल, पिवळी किंवा निळी फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. जोड पाइपात लपलेला नसावा, तो बॉक्समध्ये असावा.

दुसरी, बटण फेजवर आहे का. बटण न्यूट्रलवर असेल तर दिवा विझतो, पण होल्डर जिवंतच राहतो. बटण बंद करून बल्ब बदलायला चढलेल्या माणसाला स्टुलावर झटका बसतो. बटण बंद असूनही एलईडी मंद पेटलेला राहत असेल तर कधी कधी कारण हेच असतं.

तिसरी, अर्थची तार शेवटच्या पॉइंटपर्यंत सलग आहे का. “दिव्याला कशाला अर्थ?” असं म्हणून पुष्कळ ठिकाणी ती टाकतच नाहीत. पंख्याचा सांगाडा आणि दिव्याची पत्र्याची फिटिंग लोखंडाचीच असते, हे ते विसरतात.

चौथी, मेगरची चाचणी. मेन बंद करायचा, एलईडी दिवे आणि रेग्युलेटर सोडवायचे आणि ५०० व्होल्ट डीसी लावून तारांच्या आवरणाचा रोध मोजायचा. तो १ मेगाओहमपेक्षा कमी येता कामा नये. चांगल्या नव्या वायरिंगमध्ये तो पुष्कळच जास्त येतो.

पाचवी, अर्थिंगचं मोजमाप आणि आरसीसीबीची चाचणी. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबलं की ती पडली पाहिजे. पण हे बटण फक्त आरसीसीबी चालते का एवढंच सांगतं. तुमचं अर्थिंग ठीक आहे का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी मीटरच लागतो.

या सगळ्याला छोट्या घरात दोन-तीन तास लागतात.

आमच्या घरी काय झालं

आमच्या घरावर मजला चढला तेव्हा ठेकेदाराने टेस्ट रिपोर्ट आणून दिला. सही होती, शिक्का होता, मेगरचे आकडेही भरलेले होते. फक्त पाइपांत तारा ओढायच्या बाकी होत्या. अब्बांनी विचारलं, “हे कधी मोजलं?” तो हसून म्हणाला, “चाचा, सगळीकडे असंच चालतं. वीज कंपनीला कागद लागतो, तो दिला.” सही ज्याची होती, त्या माणसाने आमचं घर पाहिलंही नव्हतं.

आम्ही तो कागद परत केला. दुसरा परवानाधारक ठेकेदार शोधला आणि अट एकच घातली, की तारा ओढून झाल्यावर आमच्यासमोर मेगर लावायचा. पैसे थोडे जास्त गेले आणि आठवडा गेला. मोजताना एका सर्किटचा आकडा ०.२ मेगाओहम आला. पाइपाच्या वळणावर तार ओढताना तिचं आवरण खरवडलं गेलं होतं आणि भिंत अजून ओली होती. दिवे मात्र त्या सर्किटवरही झकास लागत होते. तो तुकडा बदलला, पुन्हा मोजलं, आकडा शंभराच्या वर गेला. आधीच्या कागदावर हेच सर्किट ‘उत्तीर्ण’ होतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे लिहिलेला कोड दुसरा माणूस तपासतो आणि कोणी काय बदललं, कोणी मंजूर केलं, हे कायमचं नोंदलेलं राहतं. तिथे चूक झाली तर बहुतेक वेळा एखादं पान उघडत नाही, एवढंच. इथे भिंतीला हात टेकणारं लहान मूल आहे. तरीही न पाहता केलेली सही इथे जास्त सहज खपते, हे मला समजत नाही.

आपल्या परंपरेत साक्षीला फार वजन आहे. खोटी साक्ष मोठ्या गुन्ह्यांत गणली जाते, हे लहानपणापासून आपण ऐकत आलोय. न पाहिलेल्या घराच्या टेस्ट रिपोर्टवर सही करणं ही खोटी साक्षच आहे. आणि ‘अल्लाहची मर्जी’ म्हणणाऱ्यांना उंट बांधण्याची गोष्ट मी सांगायला नको. भरवसा नंतरचा, दोरी आधीची.

काम करणाऱ्याचं नाव कुठे आहे

आता या विषयाची दुसरी बाजू, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. आमच्या घरी तारा ओढणारा माणूस आपल्याच मोहल्ल्यातला होता. २० वर्षांचा अनुभव, हात इतका साफ की पाहत राहावं. पण कुठल्याही कागदावर त्याचं नाव नव्हतं. परवानगीपत्र नाही, म्हणून सही करता येत नाही. सही करता येत नाही, म्हणून मजुरी रोजावर. आणि काही बिघडलं तर सगळे बोट मात्र त्याच्याकडेच दाखवणार.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवलं होतं, की मुस्लिम कामगारांत स्वयंरोजगाराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे आणि नियमित पगारी नोकरीचं कमी. आपल्याकडे हुनर आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. पण कागदाविना हुनर म्हणजे दुसऱ्याच्या सहीखालची मजुरी. हेच वायरमन आखातात जायला निघतात तेव्हा पहिला प्रश्न प्रमाणपत्राचा येतो.

वाट आहे आणि ती फार लांबची नाही. आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री हे दोन्ही दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. तारतंत्रीचं परवानगीपत्र, पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र आणि ठेकेदाराचा परवाना राज्य शासनाचं अनुज्ञापक मंडळ देतं. पूर्वानुभवाला मान्यता देणाऱ्या कौशल्य योजनाही आहेत, पण त्यांचं प्रमाणपत्र म्हणजे परवाना असं समजू नका. अर्ज मराठीत नीट भरणं, जुनी कागदपत्रं जुळवणं, परीक्षेचा अभ्यास करून घेणं, यात आपल्यातले शिकलेले लोक मदत करू शकतात. मोहल्ल्यात १० वायरमन असतील आणि त्यांतल्या चौघांचे कागद झाले, तरी पुढच्या ५० घरांच्या तारा बदलतील.

बहिणींना एक सांगायचंय. वायरमन येतो तेव्हा घरी बहुतेक वेळा तुम्ही असता, अम्मी असतात, भाभी असतात. मिक्सर, वॉशिंग मशीन, गीझर यांना ओल्या हाताने सर्वांत जास्त वेळा तुम्हीच शिवता. मग डीबीमध्ये काय आहे हे फक्त घरातल्या पुरुषांना माहीत असावं, याला काही अर्थ नाही. आरसीसीबीचं बटण कुठलं, मेन कुठला, हे तुम्हाला माहीत हवं. आणि तारतंत्रीच्या वर्गात मुलींना जागा आहे. घरात परका पुरुष कामाला नको असं म्हणणाऱ्या घरांत परवानाधारक मुलगी वायरमन म्हणून गेली, तर तिला कामाची कमतरता पडणार नाही.

मस्जिद आणि रोषणाई

घरापेक्षा मोठी जोखीम सार्वजनिक जागांत असते. वजूखान्यात अनवाणी पाय, ओले हात, जवळच पाण्याची मोटर आणि लोखंडी पत्र्याची ट्यूबलाइट असते. आरसीसीबीची गरज सर्वांत जास्त कुठे असेल तर इथे. मिनाराच्या रोषणाईसाठी आपण चंदा गोळा करतो. त्याच चंद्यातून आधी आरसीसीबी आणि अर्थिंगचं मोजमाप व्हावं, असं कमिटीसमोर अदबीने पण ठामपणे मांडा.

ईद-ए-मिलाद गेली काही वर्षं सप्टेंबरात आली, ऐन पावसाळ्यात. २०२३ साली तर ती आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी होती. गल्लीभर माळा लागतात, जोड नुसते पिळून त्यावर पट्टी गुंडाळलेली, आणि वीज कोणाच्या तरी घरातून किंवा थेट खांबावर आकडा टाकून. आकडा ही २००३ च्या वीज कायद्यातल्या कलम १३५ खाली चोरी आहे. उत्सवासाठी तात्पुरती जोडणी रीतसर मिळते. गणेश मंडळं ती घेतात, आपणही घेऊ शकतो. प्रेषितांच्या नावाने लावलेला दिवा चोरीच्या विजेवर का लागावा, हा प्रश्न आपणच आपल्याला विचारायला हवा.

घरी गेल्यावर

शिबिरातून घरी गेल्यावर एवढं करा. डीबीचं झाकण उघडा आणि आरसीसीबी आहे का पाहा. असेल तर टेस्टचं बटण दाबा. पडली नाही तर ती बदलायला हवी. पडली तर महिन्यातून एकदा हे करायची सवय लावा. आरसीसीबी वारंवार पडते म्हणून कोणी ती बाजूला सारून सरळ तार जोडली असेल, तर ते आजच दुरुस्त करायला सांगा. अशा वेळी बहुधा एका सर्किटची न्यूट्रल दुसऱ्या सर्किटवरून उसनी घेतलेली असते किंवा कुठे तरी खरोखर गळती असते. दोन्ही दोष शोधून काढता येतात.

पुढच्या वेळी घरात नवा पॉइंट टाकाल तेव्हा मजुरी ठरवण्याआधी ठेकेदाराचा परवाना क्रमांक विचारा. काम झाल्यावर आपल्यासमोर मेगर लावायला सांगा आणि आकडे लिहिलेल्या रिपोर्टची प्रत घरात जपून ठेवा. तो नाराज होईल. कदाचित म्हणेल, “भाई, विश्वास नाही का?” त्याला सांगा, विश्वास आहे, म्हणून तर तुम्हाला बोलावलं. आकडा आम्हाला घरच्यांसाठी हवाय.

आणि तुमच्या ओळखीच्या त्या वायरमनला, ज्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही, या महिन्यात एकदा भेटा. अर्जाचा फॉर्म सोबत घेऊन जा.